न्याय आणि प्रेम : डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वचनांचा इतिहास

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, आपल्या ज्ञातीची मूळ गावे, कुलदैवते, गोत्रे व स्थलांतरे यांविषयी चार पाने मजकडून लिहून व्हावीत. परंतु हे कार्य मागील अंकांतून अधिकारी लेखकांनी उत्तम प्रकारे केलेले आहे, आणि त्यांच्या लेखनात भर घालण्याजोगे मजपाशी काही नाही. म्हणून मी विषय घेतला आहे तो सातासमुद्रापलीकडचा : अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाचा. ज्ञातीच्या स्मरणिकेत या गृहस्थांचे काय काम, असा प्रश्न काही वडीलधाऱ्यांच्या मनात येईल. त्यांनी थोडा धीर धरावा एवढीच विनंती आहे. संबंध ओघात येईलच.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी जॉर्जिया संस्थानातील अटलांटा या शहरी झाला. वडील धर्मोपदेशक, आईचे वडीलही धर्मोपदेशक. म्हणजे घराण्यातच प्रवचनाची परंपरा. पंधराव्या वर्षी ते अटलांटातील मोरहाऊस महाविद्यालयात दाखल झाले, पुढे पेन्सिल्व्हेनियात धर्मशास्त्राचे अध्ययन केले आणि १९५५ साली बोस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. या शिक्षणक्रमात दोन प्रसंग असे आहेत की, ज्यांचा धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचतो. मोरहाऊसचे अध्यक्ष डॉ. बेंजामिन मेज हे १९३६-३७ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आले होते आणि वर्ध्यास जाऊन त्यांनी गांधीजींशी अहिंसेविषयी दीर्घ संभाषण केले होते. किंग हे या मेज यांचे विद्यार्थी. दुसरा प्रसंग फिलाडेल्फियाचा. हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष डॉ. मॉर्डेकाय जॉन्सन हे हिंदुस्थानच्या प्रवासाहून परतले होते व त्यांचे गांधीजींवर व्याख्यान होते. ते ऐकून विद्यार्थिदशेतील किंग इतके भारावले की, बाहेर पडताच त्यांनी गांधीजींविषयीची अर्धा डझन पुस्तके विकत घेतली. प्रेमाचा उपदेश व्यक्तिव्यक्तींच्या व्यवहारापुरता ठीक, परंतु समाजासमाजांतील झगड्यात त्याचा काय उपयोग, अशी शंका तोवर त्यांच्या मनात होती. ती या वाचनाने फिटू लागली असे त्यांनीच पुढे सांगितले आहे.

तथापि पुस्तकातील अहिंसा आणि रस्त्यावरील अहिंसा यांत अंतर असते. ते अंतर चालून जाण्याचा प्रसंग किंग यांच्यावर वयाच्या सव्विसाव्या वर्षी आला.

१९५४ साली ते अलाबामा संस्थानाच्या राजधानीत, माँटगोमेरी येथे, एका चर्चचे धर्मोपदेशक म्हणून रुजू झाले. तेथील बसगाड्यांची रीत वाचकांस सांगितली पाहिजे. पुढील दहा आसने गोऱ्या उतारूंसाठी राखून ठेवलेली. ती रिकामी असली तरी कृष्णवर्णीय मनुष्याने तेथे बसावयाचे नाही. मागील आसने काळ्यांची; आणि मधली आसने अशी की, गोरा उतारू येताच काळ्याने उठून उभे राहावे. कित्येकदा पुढील दाराने चढून दहा सेंट भाडे द्यावयाचे, मग खाली उतरून मागील दाराने पुन्हा चढावयाचे. आणि तेवढ्या अवधीत चालक गाडी हाकून निघूनही जाई. आणि मौज अशी की, या बसगाड्यांच्या उतारूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश उतारू कृष्णवर्णीयच होते. ज्यांच्या पैशावर धंदा चालावा त्यांनाच उभे ठेवावे, हा न्याय काही केवळ अमेरिकेचाच नव्हे.

१ डिसेंबर १९५५ रोजी सायंकाळी रोझा पार्क्स नावाच्या बेचाळीस वर्षांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आपले आसन सोडण्यास नकार दिला. त्याच ओळीतील अन्य तिघे उठले. या उठल्या नाहीत. त्यांस अटक झाली. रोझाबाई कामाने थकल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत असे भाबडेपणाने सांगितले जाते, ते त्यांनी स्वतः खोडून काढले आहे. त्या अनेक वर्षे नागरी हक्कांच्या संस्थेत चिटणिसाचे काम करीत होत्या, आणि थकवा होता तो निमूटपणे सोसत राहण्याचा. त्यांच्याही आधी, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, क्लॉडेट कोल्व्हिन या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने असाच नकार दिला होता. इतिहासाने तिला बरीच वर्षे विसरून टाकले. अटकेच्या त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकाबाईंनी महाविद्यालयातील यंत्रावर हजारो पत्रके काढली, आणि सोमवारी ५ डिसेंबरला बसगाड्या जवळजवळ रिकाम्या धावल्या. चळवळ किंग यांनी उभारली असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ती प्रथम उभी केली स्त्रियांनी, आणि मग पुढारी म्हणून किंग यांची निवड झाली. तेही, सर्वांत नवखे असल्यामुळे गावातील कोणत्याही तटाशी त्यांचे वैर नव्हते, या कारणाने. संस्थांचे राजकारण ज्यांनी पाहिले आहे त्यांस याचे मर्म सांगावयास नको.

त्या सायंकाळी होल्ट स्ट्रीटवरील चर्चमध्ये हजारो लोक जमले. आत जागा नव्हती म्हणून बाहेर कर्णे लावले होते. भाषणाच्या तयारीस किंग यांस वीसेक मिनिटे मिळाली. त्यांच्यापुढे पेच असा होता की, लोकांना पेटवावे तर हातून हिंसा घडेल, आणि शांतवावे तर उद्या सर्वजण पुन्हा मागील आसनांवर जाऊन बसतील. या पेचातून त्यांनी जी वाट काढली तीच पुढे बारा वर्षे त्यांची वाट राहिली. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता : प्रेमाविषयी नुसते बोलणे पुरेसे नाही, प्रेमाच्या नाण्याची दुसरी बाजू न्याय ही होय. जे प्रेमाविरुद्ध उठले आहे त्यास दुरुस्त करणारे प्रेम म्हणजेच न्याय. आपण समजूत घालू, आणि समजुतीने भागणार नाही तेथे सनदशीर दडपणही आणू; परंतु कोणास त्याच्या घरातून ओढून काढणार नाही, कोणाचा द्वेष करणार नाही.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. हा आकडा वाचावयास सोपा आहे. तो चालणाऱ्यांनी पायांखाली घातला. धुणीभांडी करणाऱ्या बाया पहाटे उठून कोसकोस चालत गोऱ्यांच्या वस्तीत कामास जात आणि रात्री तितकेच चालत परत येत. सुमारे तीनशे खासगी मोटारी फेऱ्या मारीत. त्यांच्या चालकांना पोलीस क्षुल्लक निमित्तांनी दंड करीत. एका वृद्ध बाईंना किंग यांनी बसने जाण्याचा आग्रह केला, तेव्हा त्यांनी पाय दमले आहेत पण जीव विसावला आहे अशा अर्थाचे उत्तर दिले. किंग ते उत्तर पुढे अनेक सभांत सांगत असत. विशेष असे की, प्रारंभीच्या मागण्या किती माफक होत्या! वर्णभेद मुळातून काढा असे कोणी म्हटलेच नव्हते. चालकांनी सौजन्याने वागावे, प्रथम येईल त्यास प्रथम बसू द्यावे (काळ्यांनी मागून पुढे व गोऱ्यांनी पुढून मागे), आणि काळ्यांच्या वस्तीतील मार्गांवर काळे चालक नेमावेत, इतकेच. एवढेही देण्यास नगरपालिका तयार झाली नाही, आणि त्या हटवादीपणामुळेच मागणी वाढत जाऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या न्यायालयाने बसगाड्यांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. तो दावा चार स्त्रियांच्या नावे चालला होता, आणि त्यांत ती पंधरा वर्षांची क्लॉडेटही होती.

मध्यंतरीच्या दोन रात्रींचा वृत्तांत दिल्याविना किंग यांच्या वचनांचे मोल कळणार नाही. २७ जानेवारी १९५६ च्या मध्यरात्री दूरध्वनी वाजला व पलीकडून जीव घेण्याची धमकी आली. अशा धमक्या रोजच येत. परंतु त्या रात्री त्यांची झोप उडाली. पाळण्यात दोन महिन्यांची मुलगी निजली होती. ते स्वयंपाकघरात गेले, कॉफी करून घेतली, आणि पेला तसाच पुढ्यात ठेवून आपला भ्याडपणा न दिसता यातून अंग कसे काढून घ्यावे याचा विचार करू लागले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अखेरीस त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली आणि भय ओसरले. तिसऱ्याच दिवशी, ३० जानेवारीला, ते सभेत असता त्यांच्या घराच्या पडवीत बाँब फुटला. पत्नी कोरेटा व मुलगी मागील खोलीत होत्या म्हणून वाचल्या. ३० जानेवारी हा गांधीजींच्या हत्येचा दिवस. हा योगायोग आपल्या ध्यानात आल्याविना राहत नाही. घरापुढे शेकडो माणसांचा जमाव जमला. कित्येकांच्या हाती हत्यारे होती. मोडक्या पडवीत उभे राहून किंग यांनी त्यांस हत्यारे घरी नेऊन ठेवण्यास सांगितले. गोऱ्या बांधवांवर प्रेमच करावयाचे आहे. मी राहिलो नाही तरी हे कार्य थांबणार नाही, असे ते बोलले. जमाव पांगला.

परंतु येथे चरित्रकारांनी सहसा झाकून ठेवावा असा एक तपशील आहे. या स्फोटानंतर किंग यांनी स्वतः पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता व तो नामंजूर झाला होता. घराभोवती सशस्त्र पहारेकरीही होते. बेयर्ड रस्टिन हे अनुभवी शांततावादी कार्यकर्ते पुढील महिन्यात माँटगोमेरीस आले आणि त्यांच्याशी झालेल्या चर्चांतून किंग यांनी शस्त्राचा त्याग हळूहळू पत्करला. मला या तपशिलाने किंग लहान झालेले वाटत नाहीत. जमावास शस्त्रे ठेवा म्हणणारा मनुष्य स्वतः अजून शिकत होता, आणि शिकत असता बोलत होता.

आता त्यांच्या प्रेमविचाराकडे वळू. प्रेम हा शब्द आपल्याकडे कीर्तनांनी व चित्रपटांनी सारखाच गुळगुळीत केला आहे; तेव्हा किंग त्याचा कोणता अर्थ घेत होते ते नीट पाहिले पाहिजे. ते आपल्या श्रोत्यांस, ज्यांत धुणेवाल्या बाया व हमालही असत, ग्रीक भाषेतील तीन शब्द समजावून सांगत. पहिला एरॉस : सुंदर वस्तूची ओढ, प्रियकर-प्रेयसीचे प्रेम. दुसरा फिलिया : मित्रांचे, आप्तांचे, एकमेकांस ओळखणाऱ्यांचे प्रेम, ज्यात आपण देतो आणि आपणांसही मिळते. तिसरा अगापे : समोरच्याने काय दिले, तो आपला आहे की परका, आवडता आहे की नावडता, याची पर्वा न करणारी सद्भावना. १९५७ च्या नोव्हेंबरातील एका प्रवचनात त्यांनी म्हटले की, येशूने शत्रू आवडून घ्या असे सांगितले नाही, प्रेम करा असे सांगितले, याचा मला मोठा दिलासा वाटतो. घरावर बाँब टाकणारा मनुष्य आवडणे शक्य नाही. परंतु त्याचे अकल्याण न इच्छिणे, आणि त्याच्या हातून चाललेले अकल्याण मात्र थांबविणे, हे शक्य आहे.

वाचकहो, या तीन शब्दांपैकी दुसऱ्या शब्दापाशी मी बराच काळ थांबलो. आपले मंडळ ज्या प्रेमावर उभे आहे ते फिलिया होय. वार्षिक स्नेहसंमेलन, गरजू विद्यार्थ्यांस पुस्तके व शिष्यवृत्ती, वधूवर सूचक केंद्र, वृद्धांचा सत्कार, कोणाच्या घरी आजारपण आले तर धावून जाणे : हे सारे त्या प्रेमाचे फळ आहे. मी स्वतः इंग्रजी पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत या मंडळाच्या साह्यावर शिकलो, तेव्हा त्याची निंदा माझ्या लेखणीतून होणे नाही. किंगही त्याची निंदा करीत नाहीत. त्यांच्या चळवळीचा सारा प्रपंच चर्चमधील अशाच जिव्हाळ्यावर चालला होता. त्यांचे म्हणणे इतकेच की, हे प्रेम ओळखीच्या वेशीपाशी थांबते. आणि न्यायाचा प्रश्न उपस्थित होतो तो वेशीबाहेर.

फेब्रुवारी १९५९ मध्ये किंग दांपत्य व त्यांचे चरित्रकार डॉ. लॉरेन्स रेडिक हे गांधी स्मारक निधीच्या निमंत्रणावरून भारतात आले. महिनाभराच्या या प्रवासात पंडित नेहरू व आचार्य विनोबा यांची भेट झाली. मुंबईच्या पदपथांवर निजलेली माणसे पाहून ते अस्वस्थ झाले, आणि गांधीजींच्या वास्तव्याने पावन झालेल्या मणिभवनात मुक्काम करावयास मिळाला याचे त्यांस फार अप्रूप वाटले. परत गेल्यावर त्यांनी लिहिलेल्या लेखात असे मत दिले की, अमेरिका आपल्या कृष्णवर्णीयांस जितक्या वेगाने सामावून घेत आहे त्याहून अधिक वेगाने भारत आपल्या अस्पृश्यांस सामावून घेत आहे. हे प्रशस्तिपत्र आपण मान खाली घालूनच स्वीकारले पाहिजे. ते पाहुणे होते, यजमानांनी दाखविले तेच त्यांनी पाहिले, आणि तुलनेसाठी त्यांच्यापुढे अलाबामा होते. ज्यांनी त्यांस या विषयाची दुसरी बाजू सांगितली असती ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी, माँटगोमेरीचा बहिष्कार संपण्यास दोनच आठवडे उरले असता, निवर्तले होते. बाबासाहेबांचे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्यावर लक्ष होते; १९४६ साली त्यांनी डॉ. ड्यू बॉइस यांस पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठवावयाच्या निवेदनाची प्रत मागितली होती, आणि ड्यू बॉइस यांनी अगत्याने उत्तरही धाडले होते. त्याहून मागे जावयाचे तर महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांस मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांसच अर्पण केला होता. हा पत्रव्यवहार व हा ग्रंथ किंग यांच्या यजमानांपैकी कोणी त्यांच्यापुढे ठेवला असता तर त्यांचा लेख कदाचित वेगळा झाला असता.

या प्रवासातील दोन प्रसंग त्यांनी पुढे स्वतः सांगितले. नेहरूंनी त्यांस अस्पृश्यांसाठी असलेल्या सवलतींची माहिती दिली : विद्यापीठात एका जागेसाठी दोन उमेदवार आले, एक उच्च वर्णाचा व एक अस्पृश्य, तर जागा दुसऱ्यास द्यावी लागते. डॉ. रेडिक यांनी विचारले, हा पक्षपात नव्हे काय? नेहरू म्हणाले, असेलही. परंतु शतकानुशतके या लोकांवर आम्ही जो अन्याय केला त्याचे प्रायश्चित्त घेण्याची ही आमची रीत आहे. आपल्या ज्ञातीच्या मेळाव्यांत, चहाच्या टेबलाभोवती, हा विषय कोणत्या स्वरात निघतो हे मी सांगण्याचे कारण नाही. किंग यांनी मात्र नेहरूंचे हे उत्तर १९६४ च्या आपल्या पुस्तकात आदराने नमूद केले आणि आपल्या देशाने त्यापासून काही शिकावे असे सुचविले.

दुसरा प्रसंग त्रिवेंद्रमचा. ४ जुलै १९६५ च्या प्रवचनात त्यांनी तो सांगितला. पूर्वास्पृश्य मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख, अमेरिकेहून आलेला आपल्यासारखाच एक अस्पृश्य, अशा शब्दांत करून दिली. किंग यांस क्षणभर धक्का बसला, किंचित रागही आला. मग आपल्या देशातील दोन कोटी कृष्णवर्णीयांची स्थिती त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी मनाशी म्हटले, होय, मी अस्पृश्यच आहे. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने येथे एक गोष्ट नोंदवितो. किंग यांचे गुरू डॉ. मेज यांनाही म्हैसूरकडील एका शाळेत हुबेहूब असाच अनुभव आला होता व तो त्यांच्या आत्मचरित्रात आहे. तेव्हा गुरूची कथा शिष्याच्या स्मरणात मिसळून गेली असावी अशी शंका घेण्यास जागा आहे. परंतु प्रसंग एकाचा असो वा दोघांचा, तो शब्द अंगास लागताच मनुष्य कसा दचकतो, एवढे त्यातून कळते. हार घालून घेण्यासाठी आलेला डॉक्टरेट मिळविलेला पाहुणा क्षणभरही तो शब्द सोसू शकला नाही.

१९६३ च्या वसंतात बर्मिंगहॅम शहरी सत्याग्रह झाला. १२ एप्रिल, गुड फ्रायडे, या दिवशी किंग यांस अटक होऊन एकांत कोठडीत ठेवण्यात आले. शहरातील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी त्याच सुमारास एक पत्रक काढले : मागण्या ठीक असतील, पण हे निदर्शन अवेळी व अविचाराचे आहे, लोकांनी धीर धरावा. हे धर्मगुरू दुष्ट नव्हते. त्यांपैकी कित्येकांनी वर्णद्वेष्ट्या गव्हर्नरचा निषेधही पूर्वी केला होता. किंग यांनी त्यांस उत्तर लिहावयास घेतले ते वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर, मग मिळतील त्या चिटोऱ्यांवर. १६ एप्रिल ही तारीख घातलेले ते पत्र आज जगाच्या विचारधनात गणले जाते. एका ठिकाणचा अन्याय सर्व ठिकाणच्या न्यायास धोका आहे, हा त्यातील विचार सर्वतोमुखी झाला आहे. परंतु पत्राचा खरा गाभा निराळा आहे. किंग म्हणतात की, आमच्या मार्गातील मोठी अडचण कदाचित उघड द्वेष करणारा मनुष्य नसून नेमस्त सज्जन हा असावा. त्यास न्यायापेक्षा शांतता प्रिय असते. ध्येय मान्य, मार्ग अमान्य, असे तो म्हणतो, आणि दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचे वेळापत्रक आपणच आखून देतो. थांबा या शब्दाचा अर्थ आजवर बहुधा कधीच नाही असाच निघाला आहे.

हा भाग मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला आमच्या गावच्या घराचे मागील दार आठवते. तेथे कोनाड्यात एक कानतुटका कप पालथा घातलेला असे. अंगण व गोठा झाडावयास येणाऱ्या बाईंना आजी त्यात वरून चहा ओती. बाई तो पिऊन, विसळून पुन्हा पालथा घालीत. माझे आजोबा कोणास टाकून बोलणारे नव्हते. दुष्काळाच्या वर्षी त्यांनी या बाईंच्या घरी जोंधळ्याचे पोते पाठविले होते आणि त्याचा उच्चारही कधी केला नाही. कोणी विषय काढलाच तर ते म्हणत, हे सर्व जाणार आहे, पण हळूहळू जाऊ द्यावे, घरातील बायकांची मने दुखवू नयेत. आजोबा वारले, आजी वारली, त्या बाईही वारल्या. कप मी शाळा सोडीपर्यंत त्याच कोनाड्यात होता. मीही तो कधी उचलला नाही. आजोबांच्या सज्जनपणाविषयी मला आजही शंका नाही, आणि म्हणूनच ते पत्र मला बोचते.

बर्मिंगहॅमचा पुढील वृत्तांत सर्वश्रुत आहे : मे महिन्यात शाळकरी मुले रस्त्यावर उतरली, त्यांच्यावर पोलिसांची कुत्री व पाण्याचे जोरकस फवारे सोडण्यात आले, आणि ती दृश्ये पाहून देश हादरला. मुलांना पुढे करणे योग्य होते काय, हा वाद तेव्हाही झाला व आजही संपलेला नाही. मला स्वतःला त्याचे उत्तर सापडलेले नाही. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे सुमारे अडीच लाखांचा मेळावा झाला व किंग यांचे स्वप्नाविषयीचे प्रसिद्ध भाषण झाले. ते सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १५ सप्टेंबरला, बर्मिंगहॅमच्या एका चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली मृत्युमुखी पडल्या, हे मात्र अनेकांस ठाऊक नसते. त्यांच्या शवपेट्यांपुढे उभे राहूनही किंग यांनी गोऱ्या बांधवांविषयीचा विश्वास सोडू नये असेच सांगितले.

१९६४ चा नागरी हक्कांचा कायदा, त्याच वर्षीचे नोबेल शांतता पारितोषिक व त्याची चौपन्न हजार डॉलरची रक्कम चळवळीस देऊन टाकणे, सेल्मा येथील मोर्चा आणि १९६५ चा मतदानहक्काचा कायदा, हे यशाचे टप्पे होत. (या शेवटच्या कायद्यातील एक महत्त्वाची तरतूद २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, हेही नमूद केले पाहिजे.) कायद्याने हृदयपरिवर्तन होत नाही असा आक्षेप घेणाऱ्यांस किंग यांचे उत्तर ठरलेले असे : कायदा कोणास मजवर प्रेम करावयास लावू शकणार नाही हे खरे, पण माझा खून करण्यापासून तो त्यास रोखू शकतो, आणि मला तेही पुष्कळ महत्त्वाचे वाटते.

यश मिळाले तशी लोकप्रियता ओसरली. दक्षिणेतील बसगाड्यांविषयी ते बोलत तोवर उत्तरेतील गोऱ्या लोकांनी टाळ्या वाजविल्या. १९६६ साली त्यांनी शिकागोत घरांच्या प्रश्नावर मोर्चा नेला तेव्हा त्याच उत्तरेत त्यांच्या मस्तकावर दगड बसला. ४ एप्रिल १९६७ रोजी त्यांनी व्हिएतनाम युद्धाचा जाहीर निषेध केला तेव्हा जवळची माणसेही दुरावली. १९६६ च्या गॅलप पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचे त्यांच्याविषयी प्रतिकूल मत होते. त्याच अमेरिकेने १९८३ साली कायदा करून त्यांच्या जन्मदिनानिमित्त राष्ट्रीय सुट्टी ठरविली. जिवंतपणी छळावे आणि मागाहून पालखी काढावी, हा प्रकार आपणांस अपरिचित नाही.

याच पडत्या काळात, ऑगस्ट १९६७ मध्ये, अटलांटा येथे त्यांनी प्रेम आणि सत्ता यांविषयी जे विवेचन केले ते मला त्यांच्या सर्व वचनांत अधिक परिपक्व वाटते. तरुण कार्यकर्त्यांस आता प्रेमाची भाषा दुबळेपणाची वाटू लागली होती व ते सत्तेची भाषा बोलत होते. किंग यांनी त्यांस झिडकारले नाही. प्रेम व सत्ता ही परस्परविरोधी मानण्यातच चूक झाली, असे ते म्हणाले. प्रेमावाचून सत्ता बेदरकार होते, सत्तेवाचून प्रेम भावविवश व निस्त्राण राहते. न्यायाने जे मागितले ते प्रत्यक्षात आणणारे प्रेम हीच सत्तेची उत्तम अवस्था. बारा वर्षांपूर्वी होल्ट स्ट्रीटवर वीस मिनिटांत जुळविलेल्या वाक्यांचाच हा विस्तार आहे; मात्र मध्ये बाँब, तुरुंग, शिकागोचा दगड आणि चार मुलींच्या शवपेट्या येऊन गेल्या होत्या.

शेवटचा प्रसंग मेंफिस शहरातील सफाई कामगारांचा. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत मागे उभे राहिलेले दोन कामगार गाडीचे दाबयंत्र अचानक सुरू होऊन चिरडून मेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १३०० कामगारांनी काम बंद केले. त्यांच्या गळ्यातील फलकांवर एवढेच लिहिलेले असे की, मी माणूस आहे. वेतनवाढीची मागणी नंतरची, आधी हे. किंग १८ मार्चला तेथे गेले. आपला कचरा उचलणारा मनुष्य वैद्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण त्याने काम केले नाही तर रोगराई माजेल, आणि सर्व श्रमांस प्रतिष्ठा आहे, असे त्यांनी त्या सभेत सांगितले. हे वाक्य आपल्या देशात उच्चारले असता त्याचा अर्थ किती पटींनी वाढतो याचा विचार वाचकांनी करावा. २८ मार्चच्या मोर्चात दंगल उसळली, एक सोळा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने मेला, आणि किंग यांची अहिंसा संपली असे वृत्तपत्रांनी लिहिले. शांततेचा मोर्चा काढून दाखवावा या निश्चयाने ते पुन्हा आले. ४ एप्रिल १९६८ रोजी सायंकाळी सहाच्या सुमारास, निवासस्थानाच्या सज्जात उभे असता, त्यांस गोळी घालण्यात आली. वय एकोणचाळीस.

८ एप्रिलला कोरेटाबाई मुलांसह मेंफिसला गेल्या आणि ठरलेला मोर्चा त्यांनी काढला. हजारो लोक एक शब्दही न बोलता चालत होते. १६ एप्रिलला नगरपालिकेने कामगारांची संघटना मान्य केली, वेतनवाढ दिली, आणि संप मिटला.